हिरामण पाटलांचा कौल

दर अकरा महिन्यांनी माझं घर जास्वंदीच्या एका पाकळीवर टांगलेलं असतं. ही अतिशयोक्ती नाही. मी ज्युनिअर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, अतिशयोक्ती मला जमत नाही आणि दुसऱ्यानं केलेली खपतही नाही.

नेरूळच्या गावठाणात एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी आणि माझी आई भाड्यानं राहतो. इमारतीचे मालक हिरामण पाटील तळमजल्यावर असतात. करार संपत आला की बाकीचे मालक भाडं वाढवतात, दलालाला फोन लावतात, नाहीतर मुलाचं लग्न काढतात. आमचे पाटील सकाळी डोक्यावरून अंघोळ करतात, अंगणातलं जास्वंदीचं एक फूल तोडतात आणि गावदेवीच्या देवळात जाऊन देवीलाच विचारतात, "म्याडमना ठेवू का नको?"

विचारायची पद्धत अशी. पाकळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवायची आणि हात जोडून थांबायचं. उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. देऊळ पाटलांच्याच घराण्याकडे आहे, त्यामुळे लावणारेही तेच आणि विचारणारेही तेच. उजवी पडली की ती तळहातावर घेऊन ते दोन जिने चढून येतात आणि दारात उभं राहून म्हणतात, "म्याडम, उजवा दिला. रव्हा."

आजवर दर वेळी उजवीच पडली. पण त्या सकाळी मी जिन्यात उभी असते आणि माझा जीव टांगणीला लागलेला असतो. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, पण तिला कुणी काही विचारत नाही. मराठवाड्यातून इथं आलो तेव्हाच आईनं बजावलं होतं, "तुझं तू ठरव, आणि ठरवल्यावर रडत बसू नको." अशा घरातल्या बाईचं बिऱ्हाड पाकळीवर ठरावं याचा मला मनस्वी संताप येतो. दर वेळी मी खारघरला जागा बघायचं ठरवते, आणि दर वेळी पाटील "रव्हा" म्हणाले की मुकाट चहा टाकते.

बरं, कौल फक्त भाडेकरूंसाठी असता तरी मी सोसलं असतं. पाटील स्वतः काहीच ठरवत नाहीत. पाण्याच्या टाकीला कुठला रंग द्यायचा, गच्चीचं दार बदलायचं की नाही, गुडघ्याला कुठलं तेल चोळायचं, सगळं देवीच्या खांद्यावर. जिथं देवी हाताशी नसते तिथं ते दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतात. हॉटेलात वेटर आला की शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून म्हणतात, "त्यांना जा दिला ता मना दे." एकदा शेजारी उपवासाच्या बायका बसल्या होत्या. पाटलांनी बुधवारी, म्हणजे ऐन मासे खायच्या वारी, साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि वर ताक प्यायलं.

बाजारात मासेवाली विचारते, "हिरामनदादा, बोंबील का कोलबी?" पाटील म्हणतात, "तुना जा वाटल ता दे." तिला अर्थातच जे उरलंय ते द्यावंसं वाटतं. त्यांची मुलगी वनिता मला सांगायची की लहानपणी ताजा मासा तिनं फक्त दुसऱ्यांकडच्या लग्नात खाल्ला.

पाम बीच रस्त्याचा सिग्नल मात्र पाटलांचा फार लाडका. एकदा मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून कॉलेजला गेले होते. लाल दिव्याला थांबून ते समाधानानं म्हणाले, "ह्यो बरा. लाल झाला का उबा, हिरवा झाला का चाललू. घरान पन एक लावाला पायजे."

"आणि दिवा बिघडला तर?" मी मागून विचारलं.

"मंग पोलीस हात दाखवतं ना!"

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे, "आपले हातान काय हाय?" मला वाटायचं, हा आळस आहे. मग एकदा त्यांनी सांगितलं की खाडीपर्यंतची भातशेती त्यांच्या वडिलांची होती, पलीकडे मिठागर होतं. "शहर आनाचा ठरला तवा आमाना कोनी इचारला? यक दिवस मोजनीवाले आले, न आमी सरकलू. बापूस बोलला, मी जमीन देनार नाय. बोलला, न गेली. तवापासून मी बोलत नाय." हे त्यांनी हसत सांगितलं. मी हसले नाही, पण माझा वाद काही सुटला नाही. जमीन जाणं वेगळं आणि बोंबील निवडणं वेगळं, असं मी त्यांना सुनावलं.

वाद आमचा कायमचा होता, आणि बहुतेक वेळा माझ्याच स्वयंपाकघरात व्हायचा. एका रविवारी मी हट्टालाच पेटले. "चहा की कॉफी? तुम्ही सांगितल्याशिवाय गॅस पेटवणार नाही."

पाटील शांतपणे स्टुलावर बसले. "म्याडम, तुमी आज निली साडी नेसली. का?"

"मला वाटलं म्हणून."

"निलीच का वाटली?"

"मला निळा आवडतो."

"आवडतं हा तुमीच ठरवला का? यक दिवस बसून, इचार करून, आजपासून मना निला आवडल, असा?"

मी पातेलं हातात घेऊन उभी राहिले. निळा माझ्या आईचा रंग, मावशीचा रंग, आमच्या अख्ख्या वस्तीचा रंग. मी पाळण्यात असताना माझ्यावर निळं दुपटं होतं. तो मी केव्हा निवडला?

"मंग साडी कोनी नेसली?" पाटलांनी विचारलं आणि मी शेवटी केलेला चहा फुर्र फुर्र करत पिऊन टाकला.

आठवडाभर मला झोप लागली नाही. शेवटी उत्तर सापडलं तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं. "पाटील, कारण असणं म्हणजे सक्ती असणं नव्हे. निळा मला आतून आवडतो, म्हणूनच ती निवड माझी."

"झ्याक बोल्लाव," ते म्हणाले. "पन हा तुमाना सुचला ना? सुचवला कोनी?"

असा हा माणूस. याच्याशी वाद घालणं म्हणजे स्वतःच्या डोक्याला ताप करून घेणं. पण गेल्या वर्षी अशी वेळ आली की वाद बाजूला राहिला आणि आम्हा सगळ्यांचेच श्वास अडकले.

वनिता पाटलांची एकुलती एक. आई तिच्या लहानपणीच गेली, पाटलांनीच तिला वाढवलं. ती खारघरच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. तिला आयर्लंडला नोकरी मिळाली. पत्र आलं, व्हिसाचं जमत आलं, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत 'येते' किंवा 'येत नाही' कळवायचं होतं. पाटील म्हणाले, "देवीला इचारू." शुक्रवार देवीचाच वार.

गुरुवारी वनिता वर माझ्याकडे आली. चेहरा उतरला होता. मी तिला आईचंच वाक्य ऐकवलं, "तुझं तू ठरव."

"मॅडम, मी ठरवलं तर मी बाबांना टाकून गेले असं होतं," ती म्हणाली. "कौल झाला तर देवीनं पाठवलं. आणि डावा पडला तर मी राहीन, पण मग मला बाबांचा राग येणार नाही. मला त्यांच्यावर राग धरून जगायचं नाहीये. तुम्हाला कळतंय ना, मी काय बोलतेय?"

"म्हणजे डावा पडला तर तू खरंच नोकरी सोडणार?"

"हो. शपथ घेतलीय मी. आता टेन्शन सहन होत नाही. तुम्ही उद्या देवळात या, मॅडम. प्लीज. तुम्ही हात जोडू नका, नुसत्या उभ्या राहा."

मी चिडले, पण हो म्हटलं. ती गेल्यावर मी खाली उतरले, तिथं पाटील दिसले. पायरीवर बसून देवीची पितळी समई चिंचेनं घासत होते. ती आधीच लखलखत होती. "पाटील, तुम्हाला काय वाटतं? तिनं जावं का?"

"मना काय वाटाचा? आपले हातान काय हाय?" ते मान वर न करता म्हणाले. मग समई पालथी करून तळ घासायला लागले आणि हळूच विचारलं, "तिकरं तांदूल भेटतं का, म्याडम?"

"मिळतो."

"न सुकी मासली?"

शुक्रवारी चार वाजता आम्ही देवळात होतो. पाटील, वनिता, पाटलांची थोरली बहीण सुंदरआत्या आणि मी. आत्याचा जाण्याला कडाडून विरोध होता. वनितासाठी तिनं जुईनगरचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. "हिरामन, पोर येवरी लांब गेली का आपली रव्हत नाय," ती येतानाच म्हणाली होती. पाटलांनी दार लावलं, वारा नको म्हणून पंखा बंद केला. कौलाच्या बाबतीत माणूस फार काटेकोर. पाकळी पडेपर्यंत खोकायचं नाही, हलायचं नाही, पाकळीकडे फुंकर जाईल असं बोलायचंही नाही. एकदा म्हणे दुपारी लावलेली पाकळी दिवेलागणीला पडली होती आणि पाटील तोवर न जेवता उभे होते.

त्यांनी पाकळ्या बुडवल्या. एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. "आये," ते म्हणाले, "वनीला पाठवू का? पाठवाचा तं उजवा दे. नाय तं डावा दे." आत्या गाभाऱ्याच्या पायरीवर डोकं टेकून आडवी झाली. वनितानं हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले. मी खांबाला टेकून उभी होते. मी हात जोडले नव्हते, डोळे मिटायचाही प्रश्न नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. घामानं माझा पदर अंगाला चिकटला. शेंदूर लावलेल्या त्या पाषाणावर दोन लाल ठिपके, दोन्ही जागच्या जागी. वनिताच्या जोडलेल्या हातांत मोबाइल होता. तो एकदा थरथरला. तर्कशास्त्राची बाई मी, पाकळी म्हणजे पाणी, वजन आणि दगडाचा खडबडीतपणा हे मला पक्कं ठाऊक. तरी मी मनात म्हणत होते, उजवी, उजवी. कुणाला म्हणत होते ते मला आजही सांगता येणार नाही.

मग डावी पाकळी हलली. खांद्यावरून किंचित घसरली, थांबली, आणि पडली.

आवाज झालाच नाही. आत्याचं डोकं पायरीवर होतं, वनिताचे डोळे मिटलेले होते. ती पाकळी दोघांनीच पाहिली, पाटलांनी आणि मी.

पाटलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. घाबरलेला म्हणावा तर तसा नाही. मग त्यांचा हात पुढे झाला. पडलेली पाकळी त्यांनी चिमटीत उचलली, तांब्यात बुडवली आणि डाव्या खांद्यावर अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवली. आणि उजवीला नख लावलं.

उजवी खाली पडली. पाटलांनी घंटा वाजवली. "उजवा," ते म्हणाले.

वनितानं डोळे उघडले. आत्यानं डोकं वर केलं आणि संशयानं पाषाणाकडे बघितलं. वनिता बापाकडे गेली नाही. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मॅडम, तुम्ही बघत होता ना? उजवाच पडला ना? तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून विचारते."

पाटील माझ्याकडे पाठ करून समईची वात सारखी करत होते. वात नीटच होती. मी इतकी वर्षं मुलांना शिकवत आले की विधान एकतर सत्य असतं नाहीतर असत्य, तिसरं काही नसतं. माझ्या एका शब्दावर या मुलीचं आयुष्य होतं आणि त्या म्हाताऱ्याचं उरलेलं घर होतं. काय बोलायचं हे मी ठरवायला सुरुवात केली होती. पण ठरवून व्हायच्या आतच माझा आवाज मला ऐकू आला.

"उजवाच पडला."

उजवी पाकळी खालीच होती. विधान सत्य होतं. कशी पडली हे मला कुणी विचारलं नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला समजावत होते. वनितानं माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं, आणि देवळाच्या पायरीवर बसून 'येते' असं कळवून टाकलं. आत्या फणकाऱ्यानं घरी गेली.

संध्याकाळी मी पाटलांना अंगणात गाठलं. जास्वंदीपाशी नुसते उभे होते. "पाटील," मी म्हटलं, "आज तुम्ही ठरवलंत. आयुष्यात पहिल्यांदा. तेही देवीच्या विरुद्ध."

"मी काय नाय केला," ते घाईनं म्हणाले. "हात गेला."

"हात गेला नाही. तुम्ही नेला."

"न तुमचा तोंड? ता कोनी नेला?"

मग ते जास्वंदीकडे बघतच बोलायला लागले, माझ्याशी बोलताहेत की नाही हे कळू नये इतक्या हळू. "डावा पडला ना, म्याडम, तवा मना लय आनंद झाला. वनी रव्हते, असा झाला. मना वाटला, मी नाचीन, उरी मारीन. न मंग मी भ्यालू. बोल्लू, ह्यो आनंद देवीचा का माजा? माजाच व्हता. पोरीचा जलम न आनंद माजा. तवर हात गेलता." त्यांनी तो हात लुंगीला पुसला. "देवी रागावली असल काय?"

"नाही," मी म्हटलं. देवीच्या वतीनं बोलायचा मला काय अधिकार होता? पण मी म्हटलं, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

वनिता गेली. विमानतळावरून परत आल्यावर पाटील दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग पडले, पण खालचा टीव्ही मोठ्या आवाजात चालू ठेवून. माणूस घरात आहे असं वाटावं म्हणून असेल. आई म्हणायची, आवाज कमी करायला सांग. मी सांगितलं नाही. वनिताचा व्हिडिओ कॉल आला की ते फोन घेऊन वर येत आणि मलाही दाखवत, बर्फ दाखव म्हणत, तांदूळ दाखव म्हणत. फोन बंद झाला की "बरं हाय तिकरं" म्हणून उगीच पाच मिनिटं स्टुलावर बसत. चहा की कॉफी हे मी विचारणं सोडून दिलं होतं.

अंगणातली जास्वंद मात्र तेव्हापासून कुणी तोडत नव्हतं. पूजेला पाटील बाजारातून झेंडू आणायचे. लाल फुलं झाडावरच कोमेजून खाली गळत होती, आणि झाडणारी बाई कुरकुरत ती गोळा करत होती. माझ्या ते लक्षात आलं होतं.

मग करार संपायची तारीख आली. सवयीनं मी सकाळपासून जिन्यात. डोक्यावरून अंघोळ करून देवळाकडे जाणारे पाटील दिसतील म्हणून खाली डोकावत होते. ते दिसलेच नाहीत. दहा वाजता ते लुंगी-बनियनवरच वर आले. तळहातावर पाकळी नव्हती, कराराचे कागद होते.

"म्याडम, सही करा."

"उजवा पडला?" मी विचारलं.

"कौल नाय लावला या टायमाला."

टाकीच्या रंगासाठीही देवीला कोड्यात टाकणारा हा माणूस! "का हो? का नाही लावला?"

पाटलांनी कागद स्टुलावर ठेवले, पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावा पडला तं?"